बाजार उठतानाचा ढीग की दारावरची गाडी?

नवी बदली होऊन गावात आलेले मास्तर असोत की नुकतीच वेगळी चूल मांडलेलं जोडपं, भाजीचा खर्च कमी करायचा म्हटलं की आमच्याकडे दोन सोयी आहेत. आठवडी बाजार उठायच्या वेळी ढिगानं भाजी आणायची, नाहीतर मोटारसायकलवर क्रेट बांधून किंवा छोटा हत्ती घेऊन फिरणारा भाजीवाला दुपारी परतीच्या फेरीत भाव पाडतो, तेव्हा त्याच्याकडून घ्यायची. आमच्या घरी दोन्ही करून झालं आहे आणि पैसे दोन्हींत वाचतात.

बाजारात भाव का पडतो हे आधी ध्यानात घ्या. बाहेरून आलेल्या विक्रेत्याला उद्या दुसऱ्या गावचा बाजार असतो. आलू, कांदे, लसूण, अद्रक, कोहळं तो पोत्यात भरून पुढे नेतो, त्यामुळे त्यांचा भाव संध्याकाळीही फारसा उतरत नाही. पडतो तो मेथी, पालक, सांबार (म्हणजे कोथिंबीर), टमाटर, वांगी, फुलकोबीचा. रात्रभर टेम्पोत दबून राहिली की सकाळी ही भाजी मांडण्यासारखी राहत नाही. म्हणून अंधारून आलं की ‘भाऊ, बंदा ढीग घेऊन जा वीसले’ असे आवाज सुरू होतात. पौष-माघात तर पिशवी अपुरी पडते. आपल्याच शिवारातली एखादी आजी चार जुड्या घेऊन बसली असेल तर तिच्याशी मात्र घासाघीस करू नये. तिनं आधीच पडत्या भावानं मांडलेलं असतं.

ढिगात निवडता येत नाही, ही अडचण खरी. वर चकचकीत, खाली दबलेलं. मी हात घालून खालचे दोन-तीन नग वर काढतो, वास घेतो आणि मग ठरवतो. वांग्याला एखादं भोक दिसलं म्हणून ढीग सोडायचं कारण नाही. अळीनं पोखरलेला भाग कापून टाकला की बाकीचं चालतं. दाबल्यावर पाणी सुटलं तर मात्र नको. या बाबतीत गाडीवाला उजवा, तो हातानं निवडू देतो. पण परतीच्या फेरीपर्यंत त्याची मेथी उन्हात गावभर फिरलेली असते. जुडी सोडली की आतून गरम लागते आणि संध्याकाळपर्यंत पिवळी पडते.

एवढ्यावर मी गाडी सोडली नसती. सोडली ती चिल्लरपायी. वांगी आणि मिरच्या मिळून तीस रुपये झाले, पन्नासची नोट दिली, की ‘चिल्लर नाही ना भाऊ, सांबार टाकू का?’ सांबार झाला, तरी दहा उरतात, मग त्यांची दोडकी. फोनवरून पैसे द्यावे तर आमच्या गल्लीत नेटवर्क धरत नाही. घरात सुटे ठेवावे म्हणाल, तर ते दुधात आणि ऑटोत जातात. त्याचाही दोष नाही, सकाळपासून सगळ्यांनी त्याच्या हातात मोठ्या नोटाच दिलेल्या असतात. पण जिचा काही बेत नाही अशी दहा-वीस रुपयांची भाजी सारखी घरात येत राहते. सांबार आधीच पडलेला असतो. दोन दोडक्यांत घराची भाजी होत नाही. ती दुसऱ्या दिवशी मरगळतात, तिसऱ्या दिवशी गाईपुढे जातात. भावात वाचलेला पैसा इथं जातो आणि हिशेबाच्या वहीतही तो सापडत नाही. ढीग दहाचा नाहीतर वीसचा. तिथं हा प्रश्नच येत नाही.

ढिगाचं खरं मोल म्हणजे त्या रात्रीचं काम. बाजारातून आल्यावर सगळं खाली पसरायचं आणि निवडूनच उठायचं. मेथी न धुता, कोरडीच निवडून सुती फडक्यात ठेवली की टिकते. मान टाकलेला पालक आणि चुका त्याच रात्री डाळभाजीत: तुरीची डाळ, मूठभर चण्याची डाळ, शेंगदाणे, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. सकाळी वावरात न्यायच्या शिदोरीतही तीच. मऊ टमाटर चिरून लसूण-हिरव्या मिरचीसोबत तेलात पाणी आटेपर्यंत परतायचे. ही चटणी फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहते. वांगी जास्त झाली तर फोडी करून हिवाळ्याच्या उन्हात वाळवायच्या, उन्हाळ्यात भाजी महागली की कामी येतात. फुलकोबीचे कोवळे देठ आम्ही बारीक चिरून झुणक्यात घालतो.

फ्रिज नसेल किंवा लाईन सारखी जात असेल, तर शून्य ऊर्जा शीतकक्ष बघा. भारतीय कृषी अनुसंधान संस्थेची ही रचना आहे: विटांच्या दुहेरी भिंती, मधे साधारण 3 इंचांच्या फटीत वाळू, वर ओलं झाकण, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा चांगला चालतो, कारण पाणी झपाट्यानं उडतं तसा आतला गारवा वाढतो. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा तेवढा उपयोग नाही.

एकटा माणूस असेल, किंवा वावरातून यायलाच रात्र होत असेल, तर गाडीच बरी. निवडायला कुणी नसेल तर ढीग स्वस्त पडणार नाही. आषाढ-श्रावणात ढिगातली पालेभाजी आम्हीही घेत नाही. भिजलेली मेथी रात्रीतून सडते. तेव्हा बांधावरचा कोवळा तरोटा (टाकळा), पुढे अंबाडी, आणि मिरच्या-टमाटर तेवढे गाडीवरून, तेही हातात नेमके सुटे पैसे असतील त्याच दिवशी.