वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी आणि आपला मेडिक्लेम: कव्हर कितपत कामाचं?

चाळीस-पन्नास किलो वजन उतरलं तरी पोटावरची ताणलेली कातडी पूर्ववत होत नाही. ती झुलीसारखी खाली लोंबते, तिच्या घडीत घाम साचतो, कातडी काचते, चिघळते, बुरशी धरते. ही झूल काढायचा खर्च नेहमीचा मेडिक्लेम देतो का? पोटापुरता देऊ शकतो, पण कागद महिनोन्‌महिने आधीपासून जमवलेले असतील तरच. दंड, मांड्या आणि छातीसाठी फारशी आशा धरू नका. आमच्याकडून पाचपैकी दोन तारे. तेही नियमाच्या शब्दांना, अंमलबजावणीला नाहीत.

विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या वगळणुकींत (ज्यांचा खर्च पॉलिसी देत नाही) कोड ०८ कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचा आहे. टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेच्या, टेबलावर बहुतेकदा त्याची पहिलीच ओळ वाचली जाते आणि अर्ज परत येतो. पण कलम तिथे संपत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरच्या पुनर्रचनेला त्यात सूट आहे. शिवाय तब्येतीला असलेला थेट आणि तात्काळ धोका दूर करणाऱ्या, वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचारालाही सूट आहे. अट एवढीच की उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं लेखी द्यायला हवं. तुमचा दावा याच शेवटच्या भागावर उभा राहतो. पॉलिसीच्या प्रतीत तो शोधा आणि अर्जात जसाच्या तसा उतरवा.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. बॅरिॲट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्याचं ऑपरेशन, कोड ०६ खाली येते. तिथे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त लागतो, किंवा ३५ वा त्याहून जास्त असून अनियंत्रित मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) असे गंभीर आजार लागतात. ती मंजूर झाली होती म्हणून कातडीचं ऑपरेशनही आपोआप मंजूर होत नाही. दोन्ही कलमं वेगळी आणि पुरावेही वेगळे.

अनेक अर्ज फेटाळले जातात ते ऑपरेशनच्या नावावरून. लोंबणारी कातडी आणि चरबी काढणं म्हणजे पॅनिक्युलेक्टमी. पोटाचे स्नायू आवळून, बेंबी नव्या जागी बसवून पोट सपाट करणं म्हणजे ॲब्डॉमिनोप्लास्टी, बोलीभाषेत टमी टक. पहिलीसाठी वाद घालता येतो, दुसरी थेट कॉस्मेटिकमध्ये जाते. सर्जनने सवयीने एस्टिमेटवर ‘टमी टक’ लिहिलं की नंतरची पत्रापत्री जड जाते. दोन्ही एकाच वेळी करायच्या असतील तर एस्टिमेट आणि बिल आधीच वेगळी करून घ्या. पोटाच्या भिंतीत हर्निया असेल तर तो सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर दाखवा. हर्नियाला स्वतंत्र आजार म्हणून कव्हर असतं, मात्र त्याचा वेटिंग पीरियड (पॉलिसी घेतल्यापासून कव्हर सुरू होईपर्यंतचा काळ) संपलेला हवा.

आता पुरावा. ‘घडीत खाज येते’ एवढ्यावर कोणी पैसे देत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि निदान ‘इंटरट्रिगो’ (कातडीच्या घडीतला दाह) असं लिहून घ्या. बुरशीचं मलम, पावडर, गरज पडली तर गोळ्या, असे किमान तीन महिन्यांचे उपचार आणि तरीही पुन्हा उठलेलं पुरळ, प्रत्येक भेटीच्या तारखेसह केस पेपरवर यायला हवं. औषधाची बिलं जपून ठेवा. फोटो तीन काढा: समोरून, बाजूने, आणि झूल हाताने वर उचलून आतली लाल, ओलसर, फाटलेली कातडी दिसेल असा. तिसरा फोटो सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच लोक लाजेपोटी टाळतात. झूल कुठवर येते हेही लिहून घ्या: जांघेपर्यंत, मांडीच्या मध्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत. वजन सहा महिने स्थिर असल्याच्या नोंदी जोडा. बॅरिॲट्रिक झाली असेल तर तिला वर्ष-दीड वर्ष होऊ द्या.

डॉक्टरांच्या पत्रात ‘रुग्णाची इच्छा’, ‘दिसणं’, ‘आत्मविश्वास’ हे शब्द येऊ देऊ नका. त्रास कितीही खरा असला तरी ते शब्द दावा कोड ०८ च्या पहिल्या ओळीत ढकलतात. पत्रात असं हवं: ‘घडीतला जंतुसंसर्ग अमुक महिन्यांच्या औषधांना दाद देत नाही, सेल्युलायटिस अमुक तारखांना झाला, झूल काढल्याशिवाय संसर्ग थांबणार नाही.’ सेल्युलायटिससाठी, म्हणजे कातडीखाली पसरलेल्या जंतुसंसर्गासाठी, ॲडमिट झाला असाल तर त्या डिस्चार्ज कार्डाइतका भक्कम कागद दुसरा नाही.

प्री-ऑथ, म्हणजे ऑपरेशनआधी मंजुरी मागणारा अर्ज, आठवडाभर आधी पाठवा. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय द्यावा, असं आयआरडीएआयचं २०२४ चं परिपत्रक सांगतं. प्रत्यक्षात अशा केसमध्ये एकामागून एक क्वेरी येतात. कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा बुडाला असं नाही, आधी स्वतः बिल भरून नंतर रिइम्बर्समेंट, म्हणजे परतावा, मागता येतं.

दावा नामंजूर झाला तर पॉलिसीच्या कलमासह कारण लेखी मागा. त्याच परिपत्रकानुसार, कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय दावा फेटाळता येत नाही. ती मंजुरी घेतली का, हेही विचारा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंद करा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातल्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील चालत नाही, पण कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. इथे फोटो आणि तारखांची फाइल नीट वाचली जाते, म्हणून या टप्प्याबद्दल आमचं मत चांगलं आहे.

मंजुरी मिळाली तरी खोलीभाड्याची मर्यादा पाहून खोली घ्या. महागडी खोली घेतली की अनेक पॉलिसींत इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. आणि ऑपरेशननंतर आठवडे-आठवडे बांधायचा पोटाचा पट्टा न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत आहे, त्याचे पैसे वेगळे काढून ठेवा.