सिनेट की प्रतिनिधिगृह: माजी सदस्यांवरची लॉबिंगबंदी कुठे कडक?

अमेरिकी सिनेटच्या माजी सदस्याला पद सोडल्यापासून २ वर्षे, तर प्रतिनिधिगृहाच्या माजी सदस्याला १ वर्ष काँग्रेसमध्ये (अमेरिकी संसदेत) सहसा दुसऱ्या कोणासाठी लॉबिंग, म्हणजे निर्णयांवर प्रभाव पाडण्यासाठी संपर्क, करता येत नाही. सिनेटसाठीच्या बंदीची मुदत २००७ च्या कायद्याने दुप्पट झाली, आणि ते योग्यच झाले. दोघांनाही दोन्ही सभागृहांचे सदस्य आणि कर्मचारी वर्ज्य. ग्राहकाच्या कामासाठी त्यांना केलेला साधा ईमेलही गुन्हा ठरू शकतो.

खरी पळवाट दोन्हीकडे सारखीच. स्वतः फोन करायचा नाही, पण कोणाला कधी भेटायचे, कोणत्या कलमावर बोलायचे, हे ‘सल्लागार’ म्हणून लॉबिंग करणाऱ्या सहकाऱ्यांना पढवायचे. याला मनाई हवी. आज ती मुख्यतः परदेशी सरकारे व पक्षांच्या कामाला, तीही वर्षभरच आहे. शिवाय एका ग्राहकासाठी तिमाहीत केलेल्या कामात लॉबिंगचा वेळ २० टक्क्यांखाली राहिला, तर लॉबिस्ट म्हणून नोंदही होत नाही.