स्टुटगार्टमधलं टायर हॉटेल: पाच फेऱ्यांनंतरचा अनुभव

गाडीची सध्या न लागणारी चार चाकं ‘टायर हॉटेल’मध्ये ठेवायला पैसे मोजायचे, हे सांगलीत माझ्या माहेरी अजूनही कुणाला पटत नाही. तिकडे तेच टायर बाराही महिने चालतात, डिकीत एक स्टेपनी पडलेली असते आणि विषय संपतो. अप्पांची सगळी नोकरी एसटीच्या टायर विभागात गेली, त्यामुळे निदान त्यांना तरी या प्रकरणात रस आहे. बाकीचे नुसते ऐकून घेतात.

जर्मनीत बहुतेकांकडे चाकांचे दोन संच असतात, एक उन्हाळी आणि एक हिवाळी. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं आणि पकड सुटते. बर्फात, चिखलबर्फात हिवाळी टायर नसेल तर ६० युरो दंड आणि लायसनवर एक दोषाचा पॉइंट. तारीख ठरलेली नाही, रस्त्याची अवस्था बघतात. पण लोक ‘फॉन ओ बिस ओ’ म्हणतात, म्हणजे ऑक्टोबरपासून ऑस्टर्नपर्यंत, आपल्या भाषेत ईस्टरपर्यंत. स्टुटगार्ट शहर एखाद्या वाडग्यासारखं आहे, मध्य तळाशी आणि आम्ही काठावर. रोज चढ-उतार आहेच, त्यामुळे इथे चालढकल करून चालत नाही.

पहिले दोन हिवाळे मी चाकं आमच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात ठेवली. माझ्या गोल्फ गाडीचं रिमसकट एक चाक अठरा-वीस किलोचं भरतं. अशी चार चाकं अरुंद जिन्यावरून उतरवायची आणि सहा महिन्यांनी दुसरी चार वर आणायची. शिवाय जागा चुकीची होती. शेजाऱ्यांची वॉशिंग मशीन तिथेच चालते आणि भिंतीशी रंगाचे, थिनरचे डबे. अप्पांना फोटो पाठवला तर लगेच फोन आला, ‘अगं, रबराजवळ थिनर कशाला? आणि मशीनच्या मोटरच्या ठिणग्यांनी ओझोन होतो, रबर तडकतं त्यानं.’ रिमवरचे टायर आडवे, एकावर एक ठेवायचे किंवा टांगायचे, आणि नुसते टायर असतील तर उभे ठेवून अधूनमधून फिरवायचे, हेही त्यांनीच सांगितलं.

मग एका मोठ्या दुकानात ठेवायला दिली. नाव लिहीत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये गाडी परत मिळाली आणि महामार्गावर मागून सतत घूं घूं आवाज. त्या रविवारी अप्पांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवत होते. ते म्हणाले, ‘जरा मागच्या उजव्या चाकाशी धर फोन. त्या बाणाचं तोंड मागं कसं गं?’ माझे हिवाळी टायर दिशेचे आहेत, बाजूला बाण छापलेला असतो आणि गाडी पुढे जाताना चाक त्याच बाजूला फिरायला हवं. मागची दोन्ही चाकं डावी-उजवी उलटी बसवली होती. उलट्या बसवलेल्या टायरची नक्षी पाणी नीट बाहेर फेकत नाही. आठवडाभर पावसात मी लेकीला मागे बसवून तशीच फिरत होते. दुकानात गेले तर काउंटरवर म्हणाले, चाकांवर खूण नव्हती. खूण करायची कुणी होती?

मार्च २०२३ पासून मी वस्तीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जाते. दोन लिफ्ट, एक मालक, एक शिकाऊ मुलगा. एका हंगामाचे ठेवणावळीचे ४९ युरो, चाकं बदलायचे ३५, आणि बॅलन्सिंग वेगळं. स्वस्त नाही. पण इथे चाक निघालं की आधी चॉकने त्यावर खूण होते: पुढचं डावं, मागचं उजवं. मग धुणं, मग खाचांत अडकलेले खडे स्क्रू-ड्रायव्हरने एकेक करून काढणं. त्यानंतर मालक खाचांची खोली मोजतात, आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला, आणि आकडे कार्डावर लिहून एक प्रत मला देतात.

पहिल्यांदा त्यांनी मला दोन युरोचं नाणं घेऊन खाली वाकायला सांगितलं. नाण्याची चंदेरी कड ४ मिलिमीटर रुंद असते. ते खाचेत उभं घातलं आणि कड पूर्ण बुडाली तर हिवाळी टायरमध्ये अजून जीव आहे. कायद्याला १.६ पुरतं, पण बर्फात तेवढ्यावर विसंबू नका, म्हणाले. तेव्हापासून मी दर महिन्याला नाणं घालून बघते.

२०२४ च्या हिवाळ्याआधी बरेच जण गोंधळले होते, कारण १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेला टायर हिवाळी धरत नाहीत, डोंगर आणि हिमकण असलेलं चिन्ह लागतं. मालकांनी मला फोन करून बोलावलं नाही, कार्ड बघूनच सांगितलं की तुमच्या टायरवर ते आहे. ते कार्ड असल्याचा हा फायदा.

त्रुटीही आहेत. गोदाम शहराबाहेर आहे, त्यामुळे मधेच चाकं हवी असतील तर तीन दिवस आधी कळवावं लागतं. ऑक्टोबरची वेळ ऑगस्टमध्येच घ्यावी लागते. शनिवारी बंद. आणि आग लागली किंवा चोरी झाली तर भरपाई किती, हे करारात बारीक अक्षरात आहे, ते मी विचारल्यावरच कळलं. तुम्ही कुठेही ठेवा, हे आधी विचारा. पन्नासेक किलोमीटर चालवून झाल्यावर बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून, मात्र ते फुकट आवळून देतात, आणि विसरलात तर आठवण करतात.

अप्पा मे २०२४ मध्ये आले तेव्हा त्यांना मुद्दाम घेऊन गेले. भाषा येत नव्हती. मालकांनी टायर पुढे केला, अप्पांनी बोटं आतल्या कडेवरून उलटसुलट फिरवली, दातेरी झिजलीय का ते बघितलं आणि मान हलवली. मालकांनीही तेच बोट तसंच फिरवून दाखवलं. दोघं वीस मिनिटं एकमेकांना टायर दाखवत होते.

या वसंतात कार्डावर हिवाळी टायरच्या खोलीचे आकडे आले: पुढे ४.१ मिलिमीटर, मागे ४.६. नवीन घ्या असं ते म्हणाले नाहीत, उन्हाळ्यात किमती बघून ठरवा म्हणाले. पुढचे दोन तरी मी बदलणार आहे. वेळ १४ ऑक्टोबरची मिळाली आहे, सकाळी सातची.