प्रवासासाठी हलके स्कुबा जॅकेट : चौदा महिने आणि ५८ डाइव्हनंतर

स्कुबा डाइव्हिंगची गोडी लागलेला माणूस आधी स्वतःचा मास्क घेतो, मग पोहायला पायांत घालायचे फिन, मग खोली आणि वेळ दाखवणारा मनगटावरचा संगणक; जॅकेट, म्हणजे हवेचे सिलिंडर पाठीशी धरणारे आणि आत हवा कमीजास्त करून पाण्यात तोल राखू देणारे, ज्याला आपण सगळे बीसीडी म्हणतो ते, सर्वांत शेवटी येते. त्याला कारणही आहे. आपल्याकडच्या बहुतेक डाइव्ह केंद्रांवर ते डाइव्हच्या शुल्कातच धरलेले असते आणि ते जड व अवजड असल्यामुळे घरून नेण्याचा विचारही कोणी करत नाही. मीही सहा वर्षे केंद्राने दिलेलेच जॅकेट वापरले. मात्र माझी उंची पाच फूट एक इंच आहे, आणि ‘स्मॉल’ म्हणून जे हाती पडे ते दरवेळी वेगळ्याच मापाचे असे; खांद्यावर सैल, कमरेला घट्ट, आणि हवा भरली की कानांपर्यंत वर सरकणारे. या एका त्रासापायी मी गेल्या वर्षी प्रवासासाठी म्हणून विकले जाणारे, हवेची पिशवी पाठीमागे असलेले एक हलके जॅकेट घेतले. त्यानंतर ते तारकर्ली, अंदमान, कर्नाटकातले नेत्राणी बेट, बाली आणि पुन्हा अंदमान असे फिरून आले आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे गुणदोष येतील ते या जातीच्या बहुतेक जॅकेटांना कमीअधिक प्रमाणात लागू पडतात.

सुरुवात वजनापासून करते, कारण घेताना आपण सगळे तोच आकडा पाहतो. माहितीपत्रकावर वजन २.२ किलो होते. घरच्या काट्यावर ते २.४ भरले आणि पाण्याखाली जाण्यासाठी जे शिसे बांधावे लागते त्याचे रिकामे कप्पे जोडल्यावर २.७. माहितीपत्रकातले वजन सर्वांत लहान मापाचे आणि कप्प्यांविना होते, हे मला नंतर उमगले. तरीही केंद्रावरचे जे जॅकेट माझा नवरा वापरतो ते तारकर्लीला त्याच काट्याला लावले तेव्हा ४.१ किलो भरले, म्हणजे फरक जवळजवळ दीड किलोचा आहे. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर १५ किलो सामान सोडतात, आणि त्यात फिन, तीन मिलिमीटरचा वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख, आणि चार दिवसांचे कपडे बसवायचे असतात, हे लक्षात घेतले तर दीड किलो फार मोठा असतो.

पण कोरडे वजन हा अर्धाच हिशेब आहे. अंदमानहून परतताना वीर सावरकर विमानतळावर जे जॅकेट काट्यावर चढते ते कोरडे नसते. धुऊन, पाणी काढून, दहा मिनिटे निथळत ठेवल्यावर माझे जॅकेट ३.९ किलो भरले आणि नवऱ्याचे सहा किलोंच्या वर गेले. कारण जाड पाठीतला फोम आणि अस्तर पाणी धरून ठेवतात. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी निदान १८ तास जाऊ द्यावेत असा जो नियम अनेक दिवस डाइव्ह करणाऱ्यांना पाळावा लागतो, तेवढाच वेळ जॅकेट वाळवायला मिळतो, आणि अंदमानच्या दमट हवेत तो पुरेसा असतोच असे नाही. माझे जॅकेट रात्रभर पंख्याखाली टांगल्यावर सकाळी २.९ किलोंवर आले होते. म्हणून दुकानात कोणी विचारले तर मी हेच सांगेन की पाठीला, खांद्याला आणि कमरपट्ट्याला किती फोम आहे ते आधी चाचपून पाहा. परतीच्या प्रवासात किती ओझे होणार ते त्यावरूनच कळते.

फोम नसण्याचा दुसरा लाभ पाण्यात दिसतो आणि तो मला अनपेक्षित होता. फोम मुळात तरंगतो, त्यामुळे जाड जॅकेट पाण्याखाली नेण्यासाठीच वेगळे शिसे बांधावे लागते. केंद्राच्या जॅकेटमध्ये मला सहा किलो शिसे लागत असे. या जॅकेटमध्ये पहिल्याच दिवशी ते पाच झाले आणि आता चारवर आले आहे. यातला एक किलो जॅकेटचा आणि दुसरा माझ्या सावरलेल्या श्वासाचा, असे मानणे प्रामाणिकपणाचे होईल. शिसे कमी झाले की ते तोलण्यासाठी पिशवीत भरायची हवाही कमी होते, आणि हवा कमी असली की खोली बदलताना होणारे तिचे आकुंचन-प्रसरणही कमी त्रासदायक ठरते. पृष्ठभागावरून दहा मीटर खाली जाताच दाब दुप्पट होतो आणि पिशवीतली हवा निम्म्या जागेत मावते. वर येताना याच्या उलट घडते. वर येताना सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबताना जी धांदल उडते ती बहुधा या जास्तीच्या हवेची असते.

हलक्या जॅकेटची पिशवी लहान असते, ती आपल्याला पुरेल का, ही शंका मलाही होती. माझ्या जॅकेटची उचलण्याची क्षमता सुमारे १६ किलो आहे. लेबलवर ती न्यूटनमध्ये छापलेली असते. त्या आकड्याला दहाने भागले की किलोचा ढोबळ अंदाज येतो. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास दाबाने भरलेली हवा साधारण पावणेतीन किलोंची असते, म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीला आपण शेवटच्या तुलनेत तेवढे जड असतो. तीन मिलिमीटरचा वेटसूट १८ मीटरवर दबून आपली तरंगण्याची निम्म्याहून अधिक ताकद गमावतो, त्याचा एक ते दीड किलो धरू. पृष्ठभागावर डोके पाण्याबाहेर ठेवण्यासाठी आणखी चार-पाच किलो लागतात. सगळे मिळून दहा किलोंच्या आत भागते. हा हिशेब उष्ण पाण्यासाठी आणि पातळ सूटसाठी आहे. थंड समुद्रात सात मिलिमीटरचा सूट, पोलादी सिलिंडर आणि दहा-बारा किलो शिसे घेऊन उतरणाऱ्यांनी अशा जॅकेटच्या वाटेला जाऊ नये.

आता गैरसोयींकडे येते. पहिली गैरसोय पृष्ठभागावरची आहे. हवा पाठीमागे असल्यामुळे पाण्याखाली शरीर सहज आडवे राहते, परंतु वर आल्यावर तीच हवा आपल्याला पालथे घालू पाहते. नेत्राणीला नौकेची वाट पाहताना लाटा बऱ्यापैकी होत्या, आणि मी सवयीने जॅकेट पूर्ण फुगवले. पुढची दोन मिनिटे माझे तोंड पाण्यात जात-येत राहिले. खरे तर हवा हवी तेवढीच भरायची, पाय किंचित पुढे काढायचे आणि आरामखुर्चीत रेलल्यासारखे मागे टेकायचे, हे तेथल्या डाइव्हमास्तराने पोहत येऊन सांगितले. तेव्हापासून मी एक किलो शिसे सिलिंडरच्या पट्ट्यावरच्या लहान कप्प्यात, पाठीकडे ठेवते आणि तक्रार जवळजवळ मिटली आहे. तरीही नवशिक्यांना ही सवय लागायला पाच-सात डाइव्ह जातात. ज्यांचा पृष्ठभागावरच जीव घाबरा होतो त्यांना सर्व बाजूंनी वेढणारे पारंपरिक जॅकेट अधिक सोयीचे वाटेल, आणि त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी गैरसोय मऊ पाठीची. घडी घालून बॅगेत सपाट बसावे म्हणून या जॅकेटला टणक पाठ दिलेली नाही आणि सिलिंडर आवळायला एकच पट्टा आहे. बालीतल्या तुलांबेनला याचा कस लागला. तेथले लिबर्टी हे अमेरिकी मालवाहू जहाज १९४२ मध्ये पाणतीराचा मारा झाल्यावर किनाऱ्यावर आणून ठेवले होते आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते पाण्यात सरकले. त्यामुळे ते किनाऱ्यापासून इतके जवळ आहे की नौका लागतच नाही, काळ्या गोट्यांवरून चालत पाण्यात शिरायचे असते. सिलिंडर वाहून आणण्याचे काम गावातल्या बायका डोक्यावरून करतात, त्यांच्यापुढे आपण तक्रार करायला लाजावे. पण एकदा सगळे अंगावर चढले की त्या निसटत्या गोट्यांवर मऊ पाठीमागचे सिलिंडर डावी-उजवीकडे डुलते आणि तोल सांभाळणे अवघड जाते. दुसऱ्या दिवशी तर ते पट्ट्यातून चार बोटे खाली घसरले. चूक माझी होती. नायलॉनचा पट्टा भिजला की सैलावतो, म्हणून तो आधी पाण्यात बुडवून मगच आवळायचा असतो. कोरडाच आवळला की पाण्यात उतरल्यावर तो ढिला पडणारच. तरीसुद्धा आज घ्यायचे झाले तर मी दोन पट्ट्यांचे जॅकेट घेईन आणि त्यासाठी दोनशे ग्रॅम जास्त सोसेन.

खिशांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते फारसे नाहीतच. नौकेला आपली जागा दाखवणारा गुंडाळलेला सिग्नल-फुगा त्यांत मावत नाही. मी तो कमरेच्या मागच्या कड्याला अडकवते. शिशाचे कप्पे मात्र गांभीर्याने पाहण्याची गोष्ट आहे. माझ्या जॅकेटचे कप्पे केवळ वेल्क्रोवर टिकून आहेत, आणि तारकर्लीच्या बारीक वाळूने वेल्क्रोची पकड काही महिन्यांतच कमी केली. नेत्राणीला नौकेच्या काठावरून पाठीमागे उडी घेताना दोन किलोंचा एक कप्पा निसटून तळाला गेला. मी पृष्ठभागावरच होते म्हणून नुकसान शिशापुरते राहिले; १५ मीटरवर तेच घडले असते तर मी बुचासारखी वर आले असते. आता मी दोन किलो साध्या वेट बेल्टवर, एक किलो पाठीकडे आणि फक्त एक किलो कप्प्यांत विभागून ठेवते. घेणाऱ्याने कप्प्यांना वेल्क्रोखेरीज प्लॅस्टिकचे कुलूपही आहे ना, हे आवर्जून पाहावे.

सर्वांत मोठा प्रसंग दुसऱ्या अंदमानवारीत घडला. स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, तिसऱ्या दिवशी १४ मीटरवर हवा भरायचे बटण दाबले आणि ते पुन्हा वर आलेच नाही. जॅकेट आपले आपण भरू लागले. अशा वेळी काय करायचे ते प्रशिक्षणात घोटून घेतलेले असते, म्हणून एका हाताने खालची झडप ओढून हवा सोडत दुसऱ्या हाताने इन्फ्लेटरची, म्हणजे हवा भरायच्या त्या बटणाला सिलिंडरमधून हवा पुरवणारी, नळी सोडवली. त्यानंतरची डाइव्ह तोंडाने हवा भरत, शांतपणे संपवली. वर आल्यावर बटण उघडले तेव्हा आत मिठाचे खडे आणि वाळू दिसली. बाहेरून धुणे पुरत नाही, हा धडा मी उशिरा शिकले. आता दर दिवशी नळीच्या तोंडातून आत गोडे पाणी ओतते, जॅकेट खळखळवते, सगळ्या झडपांमधून ते पाणी काढते आणि बटण बादलीत बुडवून वीस-पंचवीस वेळा दाबते. नळी जोडलेली नसताना हे करावे लागते, नाहीतर जॅकेट बादलीतच फुगून बसते.

स्वतःचे जॅकेट आणि केंद्राचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडाशी देणारे उपकरण, अशी जोडी जमवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. इन्फ्लेटरला जोडायच्या नळीचे टोक सहसा एकाच मापाचे असते, पण ज्या जॅकेटांच्या इन्फ्लेटरमध्येच राखीव रेग्युलेटर बसवलेला असतो त्यांचे टोक वेगळे, मोठे असते. असे जॅकेट हलके आणि सुटसुटीत दिसते खरे, पण केंद्रातली नळी त्याला लागत नाही.

पैशांचा हिशेब मांडू नये हेच बरे. मला ते ३८ हजारांना पडले, आणि स्वतःचे सामान आणले म्हणून शुल्कात सवलत देणारे केंद्र मला या चौदा महिन्यांत एकच भेटले. वर्षाकाठी एखाददुसऱ्या सहलीत चार-सहा डाइव्ह करणाऱ्याने त्याऐवजी चांगला संगणक घ्यावा. मापाचे म्हणाल तर, मी आधी साध्या कपड्यांवर माप देऊन एक्स-स्मॉल मागवले होते आणि वेटसूटवर ते बसेना म्हणून परत पाठवावे लागले. माप नेहमी सूट घालूनच घ्यावे.

सध्या पावसाळ्याच्या सुट्टीत ते पुण्यात, कपाटाबाहेर, रुंद लाकडी हँगरवर अर्धे फुगवून टांगलेले असते, कारण पूर्ण रिकामे ठेवले की पिशवीच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि बंद कपाटात बुरशी धरते. रंग उडाला आहे, उजव्या खांद्याचे कापड गोट्यांवर घासून दशा सुटल्यासारखे झाले आहे, पण शिवण कुठे उसवलेली नाही. गेल्या आठवड्यात रात्री घट्ट फुगवून ठेवले तर सकाळी किंचित मऊ लागले. साबणाचा फेस लावल्यावर खांद्यावरच्या झडपेपाशी बुडबुडे दिसले. मागच्या खेपेला दुरुस्तीसाठी पाठवले तेव्हा विक्रेत्याने सात आठवडे लावले होते, म्हणून या वेळी दिवाळीच्या पुष्कळ आधी, झडपेची रबरी चकती बदलून घेण्यासाठी ते उद्याच रवाना करते आहे.