आहार पिरॅमिडचा तक्ता: चार महिने ओट्यासमोर

नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानातून हा लॅमिनेट केलेला तक्ता ७० रुपयांना आणला, तो लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी. प्रकल्प झाला, पण त्याच आठवड्यात ह्यांच्या साखरेचा रिपोर्ट काठावरचा आला. तेव्हा तक्ता ओट्यासमोरच्या भिंतीवर लावला.

छपाई ठसठशीत आहे, फोडणीचे शिंतोडे ओल्या फडक्याने निघतात. थर चार. तळाला धान्यं-डाळी, त्यावर भाज्या-फळं, मग दूध, अंडी, मासे, तेल आणि टोकाला साखर, तळलेलं. कशाचा हात सैल सोडायचा आणि कशाचा आखडायचा, हे आठ वर्षांच्या मुलीलाही एका नजरेत कळलं.

अडचण तळाच्या थरात आहे. तिथे भाकरी, भात आणि डाळ एकत्रच काढलेत, माप कुठेच नाही. मी ह्यांना पाचवी भाकरी नको म्हटलं तर आई म्हणाल्या, "अगं, तुझ्याच चित्रात भाकरी पायाला आहे ना?" त्यांचं काय चुकलं? चित्र तेच सांगतं.

म्हणून मी मापं शोधली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात २००० कॅलरींचं दिवसाचं ताट ग्रॅममध्ये दिलंय: धान्य २५०, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे-तेलबिया ३५, तेल-तूप २७ आणि दूध किंवा दही ३०० मिली. वजनं कच्च्या जिन्नसांची. हे कागदावर लिहून तक्त्याशेजारी चिकटवलं आणि वजनकाटा काढला.

माझ्या हातच्या एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ लागतं. हे पाच भाकरी आणि वर भात खायचे, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास धान्य, सकाळचे पोहे वेगळेच. उलट आमटीला चौघांत मिळून एक वाटी तूरडाळ पडायची. ती भरली जेमतेम दीडशे ग्रॅम, आणि हवी होती ३४०! माझ्या घरात भाकरी जास्त नव्हती नुसती, डाळ फार कमी होती. हे त्या रंगीत चित्राकडे वर्षभर बघूनही मला कळलं नसतं.

आता सकाळी मटकीची किंवा हुलग्याची उसळ, रात्री घट्ट वरण. ह्यांच्या तीन भाकरी, आणि भूक भागते असं ते स्वतः म्हणतात. शेंगाचटणी आमच्या सोलापुरात रोजचीच, पण तिचे दाणे ३५ ग्रॅममध्ये मोजते. तेलाचा पाच लिटरचा कॅन महिन्यात संपायचा, आता चाळीस दिवस पुरतो. भाजीचं मात्र अजून जमत नाही. चौघांना रोज दीड किलोच्या वर भाजी म्हणजे पैसाही लागतो आणि निवडायला वेळही. बटाटा मी त्यात धरत नाही. मंडईत मेथी-अंबाडी स्वस्त असते तेव्हा जमतं, उन्हाळ्यात काकडी-गाजराच्या कोशिंबिरीवर भागवते.

दुसरी तक्रार चित्रांची. ब्रोकोली आणि किवी आहे, पण ज्वारीचं कणीस नाही, पेरू नाही, बोरं नाहीत. मराठी घरांसाठी छापताना एवढं तरी बघायला हवं होतं. लेकीने वर्तमानपत्रातली चित्रं कापून त्यावर चिकटवलीत.

अमेरिकेने १९९२ मध्ये असाच पिरॅमिड काढला होता. त्याच्याही तळाला ब्रेड, भात, शेवया होत्या. २०११ मध्ये त्यांनी पिरॅमिड सोडून ताटाचं चित्र आणलं. मला ते पटतं, कारण आपण जेवतो ताटात आणि वाढणारीच्या हाताला वाटी-पळीचं माप लागतं.

पाचपैकी तीन तारे. लहान मुलं असतील तर जरूर घ्या, त्यांना थरांचा खेळ आवडतो. घरात कुणाला साखर, किडनीचा त्रास असेल तर मापं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. ह्यांची पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे, आकडा आला की इथेच लिहीन.