चार दिवसांचं दूध की चार महिन्यांचं: हुडेड सील आणि अंटार्क्टिक फर सील

हुडेड सील या समुद्री सस्तन प्राण्याचं पिल्लू उत्तर अटलांटिकच्या तरंगत्या बर्फावर जन्मतं, वजन साधारण 22 ते 25 किलो. दूध मिळतं जेमतेम चार दिवस, पण त्यात तब्बल 60 टक्के स्निग्धांश. पिल्लू दिवसाला सुमारे सात किलो वाढतं आणि दूध तुटेपर्यंत वजन जवळपास दुप्पट होतं. वाढ मुख्यतः चरबीची. स्नायू फारसे वाढत नाहीत. बर्फ कधी फुटेल याचा नेम नसतो, त्यामुळे ही घाई अगदी रास्त आहे. मात्र या चार दिवसांत ताटातूट झाली, तर पिल्लाची शिदोरी अर्धवटच राहते.

दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावरचं अंटार्क्टिक फर सीलचं पिल्लू पाच-सहा किलोचं असतं आणि सुमारे चार महिने पितं. आई क्रिल (कोळंबीसारखे इवलेसे समुद्री जीव) खायला कित्येक दिवस समुद्रात जाते, एक-दोन दिवस येऊन पाजते, पुन्हा जाते. दुधात स्निग्धांश 40 टक्क्यांच्या आसपास. मधल्या उपासात साठवलेलं बरंचसं खर्च होतं, म्हणून वाढ संथ. क्रिल कमी पडलं की आईच्या फेऱ्या लांबतात आणि पिल्लं उपासमारीने दगावतात.

दूध तुटल्यावर हुडेडचं पिल्लू काही आठवडे चरबीवरच काढतं. ती जाळताना तयार होणारं पाणीही त्याला पुरतं. पण प्रथिनंही थोडी झिजतात, म्हणून शिकार वेळेत जमावीच लागते. फर सीलच्या पिल्लाकडे एवढा साठाच नसतो. समुद्रात उतरताच त्याला खाणं शोधावं लागतं.