स्क्रीन, टीमक्स की टीमेट: दूरच्या सर्व्हरवरचं सेशन टिकवायचं आणि वाटून घ्यायचं तर

एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर कमांड चालवायची सुरक्षित जोडणी) तुटलं की टर्मिनलमध्ये चाललेलं डेटाबेस मायग्रेशनही सहसा मधेच मरतं. सेशन सर्व्हरवरच जिवंत राहावं, हवं तेव्हा त्यात परत शिरता यावं, यासाठी मुख्य पर्याय दोन: स्क्रीन आणि टीमक्स.

ग्नू स्क्रीन १९८७ पासून आहे. जुन्या सर्व्हरवर ते बहुधा आधीच असतं. शिवाय सिरियल केबल लावून स्विच किंवा राउटरशी थेट बोलता येतं. टीमक्समध्ये ही सोय नाही, त्यामुळे नेटवर्कवाल्यांनी स्क्रीन ठेवावंच. मात्र रेड हॅटने एंटरप्राइझ लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून ते वगळलं.

बाकी सगळ्यांनी टीमक्स घ्यावं. ते २००७ चं. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने २००९ मध्ये मूळ सिस्टिममध्येच सामावून घेतलं. स्क्रिप्टमधून चालवायला सोपं, कॉन्फिग वाचून समजते. दोन्हींत आदेश देण्याआधी एक ठरलेली कळ दाबावी लागते. स्क्रीनची कंट्रोल-ए बॅश या शेलमधल्या ‘ओळीच्या सुरुवातीला जा’ या कळीशी भांडते. टीमक्सची कंट्रोल-बी त्यामानाने कमी नडते.

खरा विचार करायचा तो सेशन वाटून घेताना. एकाच खात्यातून दोघे जोडले गेले की दोघांचेही कीबोर्ड चालतात आणि लॉगमध्ये नाव एकाच खात्याचं राहतं. टीमक्सचा ‘फक्त वाचा’ पर्याय चुकून कळ दाबली जाण्यापासून वाचवतो, पण समोरच्याकडे तेच खातं असेल तर तो पुन्हा पूर्ण हक्काने जोडू शकतो. वेगवेगळ्या खात्यांसाठी स्क्रीनला सेटयूआयडी रूट लागतं, म्हणजे कोणीही चालवलं तरी ते रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) हक्काने चालतं. नेमक्या त्याच मांडणीत, ५.०.० आवृत्तीत, साध्या वापरकर्त्याला रूट होऊ देणारी त्रुटी २०२५ मध्ये उघड झाली. टीमक्समध्ये ३.३ पासून कोणत्या खात्याला आत घ्यायचं ते ठरवता येतं. तरी ज्याला लिहायची मुभा दिली, त्याच्या कमांड तुमच्याच खात्यावर चालतात.

टीमेट हे टीमक्सवरूनच बेतलेलं, लिंक देऊन सेशन वाटून घ्यायचं साधन. फायरवॉलमागच्या मशीनवरूनही चालतं, कारण जोडणी आतून बाहेर जाते. पण ती मधल्या सर्व्हरवरून जाते आणि लिंक ज्याच्या हाती तो आत. क्लायंटच्या प्रॉडक्शनवर सार्वजनिक सर्व्हर वापरू नका, स्वतःचा उभारा.

मॉश हा एसएसएचला पर्याय, पण तो स्क्रीन-टीमक्सची जागा घेत नाही. वायफाय बदललं, लॅपटॉप झोपला तरी जोडणी टिकते. पण दुसऱ्या मशीनवरून तेच सेशन उघडता येत नाही. आत टीमक्स चालवा.

सर्व्हर रीबूट झाला तर यातलं काहीच वाचत नाही. काही ठिकाणी सिस्टमडी (लिनक्सवर सेवा आणि प्रोसेस सांभाळणारी यंत्रणा) लॉगआउट होताच वापरकर्त्याच्या सगळ्या प्रोसेस मारतं. तिथे लिंगर (लॉगआउटनंतरही वापरकर्त्याच्या प्रोसेस सांभाळत राहण्याची सोय) चालू करून सेशन systemd-run --user --scope मधून सुरू करावं लागतं. मोठं काम लावण्याआधी एकदा रिकामं सेशन सोडून लॉगआउट करा, परत येऊन ते आहे का पाहा.